थंड जमिनीवरची झोप: ट्रेकसाठी इन्सुलेटेड मॅट कशी निवडावी

हिमालयातील पहिल्या ट्रेकची तयारी करणारा माणूस आपला बहुतेक विचार स्लीपिंग बॅगेवर खर्च करतो. उणे पाचची घ्यावी की उणे दहाची, पिसांची घ्यावी की सिंथेटिक, याचा काथ्याकूट आठवडाभर चालतो आणि अंगाखाली घालायची मॅट मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी, दुकानात समोर दिसेल ती उचलली जाते. हा क्रम उलटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅगेतील पिसे किंवा कृत्रिम तंतू स्वतः उष्णता निर्माण करत नाहीत. त्यांच्यात अडकून राहिलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. पाठीखाली आलेला बॅगेचा भाग शरीराच्या वजनाने दबून चपटा होतो, त्यातील हवा निघून जाते आणि खालून जमिनीकडे जाणारी उष्णता अडवण्याचे जवळजवळ सगळे काम मॅटवर येऊन पडते. भाताच्या पेंढ्यावर घोंगडी अंथरून झोपणाऱ्याला हे तत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. स्लीपिंग बॅगेवर छापलेले तापमान आयएसओ २३५३७ या मानकानुसार मोजलेले असेल, तर चाचणीच्या वेळी बॅगेतील तापवलेल्या पुतळ्याखाली चांगली उष्णतारोधक मॅट घातलेली असते. म्हणजे बॅगेवरचा ‘उणे पाच’ हा आकडा तशी मॅट खाली आहे असे गृहीत धरूनच दिलेला असतो. पातळ मॅटवर तीच बॅग घेऊन झोपलात, तर तो आकडा तुमच्यासाठी खरा उरत नाही आणि दोष विनाकारण बॅगेच्या माथी मारला जातो.

पायरी १: आपण कुठे झोपणार आहोत, हे आधी लिहून काढावे

पुढच्या दोन-तीन वर्षांत आपण प्रत्यक्षात कोणत्या जमिनीवर झोपणार आहोत, याची प्रामाणिक यादी करावी. स्वप्नातील मोहिमेसाठी मॅट घेऊन ती वर्षानुवर्षे माळ्यावर ठेवण्यात अर्थ नाही.

सह्याद्रीत पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात थंडीचा प्रश्न फारसा नसतो. प्रश्न असतो तो ओलीचा, खडबडीतपणाचा आणि काट्यांचा. डिसेंबर-जानेवारीत मात्र कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या परिसरात निरभ्र रात्री पारा चांगलाच उतरतो, आणि लेण्यांच्या किंवा देवळाच्या दगडी फरशीवर झोपायचे असेल तर हवेच्या तापमानावरून बांधलेला अंदाज चुकतो. कोरड्या भुसभुशीत मातीच्या तुलनेत दगड आणि ओली माती शरीराची उष्णता कितीतरी वेगाने ओढून घेतात.

हिमालयात ऋतूनुसार चित्र बदलते. मे-जूनमध्ये हंप्ता पास किंवा हर की दूनसारख्या ट्रेकवर रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास येऊ शकते आणि तंबू गवतावर किंवा नदीकाठच्या रेताड जमिनीवर असतो. केदारकांठाला हिवाळ्यात जाणाऱ्यांचा मुक्काम थेट बर्फावर पडतो. झंस्करच्या चादर ट्रेकवर उणे वीस अंश किंवा त्याहून कमी तापमानाची तयारी ठेवावी लागते. याउलट, नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या नेहमीच्या वाटांवर लॉजमध्ये खाटा आणि गाद्या मिळतात; तिथे मॅट वाहून नेणे म्हणजे पाठीवर विनाकारण भार घेणे आहे. आयोजक संस्थेबरोबर जात असाल तर ‘मॅट मिळेल’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. ती किती मिलिमीटर जाडीची आहे आणि माणशी एक आहे की दोन, हे लेखी विचारून घ्यावे.

पायरी २: आर-व्हॅल्यू समजून घ्यावी

मॅट उष्णतेच्या प्रवाहाला किती विरोध करते, हे आर-व्हॅल्यू या आकड्याने सांगितले जाते. आकडा जितका मोठा, तितकी मॅट उबदार. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढत असे, त्यामुळे दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करणे जवळपास निरर्थक होते. २०१८ मध्ये अमेरिकेत एएसटीएम एफ३३४० हे मानक तयार झाले आणि २०२० पासून अनेक मोठ्या कंपन्यांनी ते स्वीकारले. या चाचणीत मॅट एका तापलेल्या आणि एका थंड पट्टिकेमध्ये ठेवतात आणि तापलेली पट्टिका ठरावीक तापमानावर टिकवण्यासाठी किती ऊर्जा लागते, हे मोजतात. म्हणून जुनी मॅट विकत घेताना, किंवा नव्या मॅटच्या वेष्टनावर मानकाचा उल्लेख नसताना, छापील आकडा थोडा संशयानेच वाचावा. ‘उणे दहा अंशांपर्यंत चालते’ असे नुसते तापमान मॅटवर छापलेले असेल, तर त्यावर अजिबात विसंबू नये, कारण तुम्ही कोणत्या बॅगेत, कोणत्या जमिनीवर आणि किती जेवून झोपला आहात, हे त्या मॅटला ठाऊक नसते.

हा आकडा प्रत्यक्षात काय करतो, हे एका ढोबळ हिशेबाने पाहू. झोपलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण ७० ते ८० वॅट उष्णता निर्माण करते. पाठीकडून मॅटला टेकलेला भाग अंदाजे ०.४ चौरस मीटर धरला, त्वचा ३३ अंशांवर आणि जमीन उणे २ अंशांवर आहे असे मानले, आणि कपडे व दबलेली बॅग हिशेबात घेतली नाही, तर आर १ असलेल्या मॅटमधून सुमारे ८० वॅट उष्णता जमिनीत जाते. म्हणजे शरीर जेवढे कमावते तेवढे सगळे जमीनच घेऊन जाते. आर २ ला हा आकडा ४० वॅटवर येतो, आर ३ ला सुमारे २७ वर, आर ४ ला २० वर, आर ५ ला १६ वर आणि आर ६ ला १३ वर. प्रत्यक्षात कपड्यांमुळे हे आकडे थोडे कमी भरतील, पण त्यांची घसरण कशी होते ते पाहण्यासारखे आहे. एकवरून दोनवर जाताना ४० वॅट वाचतात, तर पाचवरून सहावर जाताना जेमतेम तीन. नवख्याने पैसे कुठे घालावेत, याचे उत्तर या उतरत्या आकड्यांत आहे: आर १ ची मॅट टाकून आर ३ किंवा ४ गाठणे फार मोलाचे असते, आणि त्यापुढची प्रत्येक पायरी महाग व कमी लाभाची होत जाते.

ढोबळ मानाने, रात्रीचे तापमान १० अंशांच्या वर राहणार असेल तर आर १ ते २ पुरते. शून्याच्या आसपासच्या रात्रींसाठी आर ३ ते ४ असावा. उणे दहापर्यंतच्या थंडीसाठी किंवा बर्फावर झोपण्यासाठी आर ५ च्या आसपास, आणि चादरसारख्या ठिकाणी ६ किंवा अधिक. ज्यांना मुळात थंडी जास्त वाजते, ज्यांचे वजन कमी आहे किंवा जे दमले की नीट जेवत नाहीत, त्यांनी या आकड्यांत एकाची भर घालावी. बायकांना सरासरीने पुरुषांपेक्षा थंडी अधिक जाणवते, म्हणून काही कंपन्या त्यांच्यासाठी लांबीला थोड्या कमी पण आर जास्त असलेल्या मॅट बनवतात. कमी उंचीच्या पुरुषांनीही त्या घ्यायला हरकत नाही.

एक सोयीची गोष्ट अशी की आर-व्हॅल्यूची बेरीज होते. आर २ च्या मॅटवर आर ३.५ ची मॅट ठेवली, तर खाली एकूण ५.५ मिळतो. माझा पुढचा सगळा सल्ला या बेरजेवर उभा आहे.

पायरी ३: प्रकार निवडावा

बाजारात तीन प्रकार आहेत. पहिला फोममॅटचा. यातील फोम बंद पेशींचा असतो, म्हणजे त्यातील हवेचे बारीक कप्पे एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे तो पाणी शोषत नाही आणि फुटण्याचा प्रश्नच येत नाही. गुंडाळी होणाऱ्या साध्या मॅटची जाडी ६ ते १० मिलिमीटर असते आणि १० मिलिमीटरच्या चांगल्या फोमचा आर साधारण दीडच्या आसपास भरतो. घडीची, खळग्या-उंचवट्यांची फोममॅट थोडी अधिक उबदार असते. उदाहरणार्थ, थर्म-अ-रेस्टच्या झी लाइट सोल या मॅटचा आर २ आहे आणि वजन ४१० ग्रॅम. साधी फोममॅट काही शे रुपयांत मिळते. ती सॅकच्या बाहेर बांधता येते, दुपारी बसायला, चूल मांडताना गुडघ्याखाली आणि जखमी माणसाला टेकवून ठेवायला उपयोगी पडते. तिचे दोन दोष उघड आहेत: जागा फार खाते आणि कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला व कमरेच्या हाडाला जमीन टोचत राहते.

दुसरा प्रकार आपोआप फुगणाऱ्या मॅटचा. हिच्या आत उघड्या पेशींचा फोम असतो. झडप उघडली की तो पसरतो आणि हवा आत ओढून घेतो. बोइंगमधून बाहेर पडलेल्या काही अभियंत्यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी सिॲटलमध्ये ही कल्पना बाजारात आणली आणि पुढची कित्येक वर्षे गिर्यारोहकांमध्ये तिचाच बोलबाला होता. आज ती आरामदायक असली तरी त्याच उबेच्या हवेच्या मॅटपेक्षा जड आणि मोठी भरते. गाडीने जाऊन तंबू ठोकणाऱ्यांसाठी ती उत्तम आहे. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला मी ती सहसा सुचवत नाही.

तिसरा प्रकार हवेच्या मॅटचा, आणि नवख्याची फसगत सर्वांत जास्त इथेच होते. सात-आठ सेंटिमीटर जाडीची गुबगुबीत मॅट पाहून ती उबदार असणार असे कोणालाही वाटते. पण आत काहीच भरलेले नसेल, तर त्या मोठ्या नळ्यांमधील हवा फिरत राहते: शरीराजवळ तापते, जमिनीजवळ गार होते आणि उष्णता खाली पोहोचवत राहते. अशा मॅटचा आर बहुतेकदा एकाच्या आसपासच असतो, म्हणजे काही वेळा साध्या फोमपेक्षाही कमी. म्हणून ‘इन्सुलेटेड’ हा शब्द महत्त्वाचा आहे, पण तोही आकड्यासह हवा. इन्सुलेशन तीन पद्धतींनी केले जाते. काही मॅटमध्ये कृत्रिम तंतूंचा थर असतो. काहींमध्ये पिसे भरलेली असतात. त्या फार उबदार असतात, पण तोंडाने फुगवल्यास श्वासातील दमटपणाने पिसे ओली होतात, म्हणून त्यांना पंपाची पिशवी लागतेच. तिसऱ्या पद्धतीत आत चमकदार पातळ पडदे ताणून हवेचे लहान कप्पे केलेले असतात. पडदा उष्णतेचे किरण परतवतो आणि कप्प्यांमुळे हवा फिरत नाही. निओएअर एक्सलाइट एनएक्सटी ही मॅट सुमारे ३७० ग्रॅम वजनात आर ४.५ देते आणि तिचीच एक्सथर्म ही आवृत्ती साधारण ४५० ग्रॅममध्ये ७.३ देते. हे आकडे थक्क करणारे आहेत, आणि किंमतही तशीच आहे. भारतात मध्यम दर्जाची इन्सुलेटेड हवेची मॅट काही हजार रुपयांत मिळू शकते. या वरच्या श्रेणीतील मॅटसाठी त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात.

फोमला खालून चिकटवलेल्या चंदेरी कागदाचा मात्र फार मोह धरू नये. चमकदार पृष्ठभाग उष्णतेचे किरण परतवतो खरा, पण त्याच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच. जमिनीला थेट टेकलेला कागद जवळजवळ काहीच करत नाही. योगा मॅटही या कामाची नाही. ती जड असते, पातळ असते आणि न घसरण्यासाठी बनवलेली असते.

नवख्याने पहिली खरेदी १० मिलिमीटरच्या किंवा घडीच्या फोममॅटची करावी आणि सह्याद्रीतील पहिला मोसम तिच्यावर काढावा. करवंदाच्या जाळ्या, बाभळीचे काटे आणि तोडलेल्या कारवीचे खुंट यांच्यासमोर महागडी हवेची मॅट एका रात्रीत निकामी होऊ शकते. हिमालयाचा बेत पक्का झाला की आर ३ ते ४ ची इन्सुलेटेड हवेची मॅट घ्यावी. उन्हाळी ट्रेकला ती एकटी पुरते. हिवाळ्यात बर्फावर जाताना तिच्याखाली तीच जुनी फोममॅट घातली की आर ५ च्या आसपास किंवा पुढे जातो. शिवाय हवेची मॅट रात्री फुटली, तर खाली निदान फोम तरी उरतो. एकाच आर ७ च्या मॅटवर सगळा भरवसा ठेवण्यापेक्षा ही जोडी स्वस्त आणि सुरक्षित आहे. वजन थोडे वाढते, ते मान्य करावे लागते.

पायरी ४: माप, जाडी आणि आवाज

नेहमीचे माप साधारण १८३ सेंटिमीटर लांब आणि ५१ सेंटिमीटर रुंद असते. रुंद खांद्यांच्या किंवा झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाला ६४ सेंटिमीटर रुंदी सुखाची वाटते, परंतु दोघांच्या तंबूचा तळ बऱ्याचदा १२० ते १३० सेंटिमीटरच असतो, हे लक्षात ठेवून सोबत्याशी आधी बोलून घ्यावे. उताणे झोपणाऱ्याला पाच सेंटिमीटर जाडी पुरते, कुशीवर झोपणाऱ्याने सात सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. चमकदार पडद्यांच्या मॅट कूस बदलताना कुरकुरतात. हलकी झोप असलेल्यांनी दुकानातच तिच्यावर आडवे होऊन ऐकावे.

कापडाचा जाडेपणा डेनियरमध्ये सांगतात. २० डेनियरचे कापड हलके पण नाजूक, ४० च्या आसपासचे अधिक टिकाऊ. आपल्याकडच्या जमिनीचा विचार करता ५०-६० ग्रॅम वजन जास्त असले तरी जाड कापड घ्यावे.

पायरी ५: घरीच परीक्षा घ्यावी

मॅट घरी आली की फुगवून, तिच्यावर एक रात्र झोपून पाहावे. पूर्ण ताठ फुगवू नये. झोपल्यावर कमरेचे हाड थोडे आत रुतले पाहिजे, पण जमिनीला लागता कामा नये. सकाळी ती मऊ वाटली, तर लगेच भोक पडले असे समजू नये. श्वासाची ३० अंशांची हवा रात्रीत ५ अंशांवर आली की तिचे आकारमान सुमारे ८ टक्क्यांनी आक्रसते, आणि हिमालयात हे रोजच घडते. झोपण्यापूर्वी पाऊण तास थांबून पुन्हा चार फुंका माराव्यात, म्हणजे हा प्रश्न मिटतो. घरातील तापमान रात्रभर सारखे असूनही मॅट सपाट झाली, तर मात्र साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे आणि खरेदीची पावती असेपर्यंत मॅट बदलून घ्यावी.

उंचीवर दमलेल्या अवस्थेत तोंडाने मॅट फुगवणे त्रासाचे असते आणि आतल्या दमटपणामुळे पुढे बुरशी धरते. पंपाची पिशवी मिळत असेल तर ती घ्यावी. कपडे ठेवायलाही तिचा उपयोग होतो. बॅटरीवरचा पंप नेणार असाल तर तो आणि पॉवर बँक विमानात हातातील सामानात ठेवावी.

पायरी ६: मुक्कामाच्या जागी

तंबू ठोकण्यापूर्वी जागेवर तळहात फिरवून खडे, काटे आणि खुंट काढावेत. डोळ्यांना न दिसणारा काटा हाताला लागतो. खाली ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक अंथरावे. दोन मॅट असतील तर फोम खाली आणि हवेची वर ठेवावी. बेरीज कशीही केली तरी तीच येते, पण या रचनेत हवेची मॅट काट्यांपासून वाचते. बर्फावर तंबू ठोकण्याआधी जागा पायांनी तुडवून सपाट करावी आणि थोडा वेळ घट्ट होऊ द्यावी, नाहीतर शरीराच्या उष्णतेने खालचा बर्फ वितळून पाठीखाली खड्डा पडतो. पाय आणि डोके मॅटबाहेर जात असतील तर रिकामी सॅक, दोर, न लागणारे कपडे त्या ठिकाणी सरकवावेत.

सकाळी फुगलेली मॅट तंबूत ठेवून बाहेर फिरायला जाऊ नये. ऊन लागलेल्या तंबूत आतली हवा प्रसरण पावते आणि आतील जोड सुटतात. असा जोड सुटला की मॅटच्या मध्येच मोठा फुगा येतो, आणि तो दुरुस्त होत नाही. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ तर ती नेऊच नये. एक ठिणगी पुरेशी असते.

दुरुस्तीचे ठिगळ आणि गोंद सॅकेत असावा, पण अंधारात, शून्याखाली गोंद धरत नाही. भोक सापडले तर जागा कोरडी पुसून, स्पिरिटने स्वच्छ करून स्वतः चिकटणारे ठिगळ लावावे, ते काही वेळ हाताच्या उबेत दाबून धरावे आणि कायमची दुरुस्ती घरी करावी. भोक दिवसा शोधायचे तर फुगवलेली मॅट साबणाच्या पाण्याने पुसावी. साबण नसेल तर ओठ किंवा ओला गाल जवळ नेल्यास बारीक हवाही जाणवते. साबणाचे पाणी झऱ्यात किंवा तळ्यात सांडू नये.

पायरी ७: परतल्यावर

मॅट ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. हवेची मॅट सैलसर घडी करून, आपोआप फुगणारी मॅट उघडी पसरून, आणि दोन्ही झडप उघडी ठेवून ठेवाव्यात. कोकणासारख्या दमट हवेत तर झडप बंद करून ठेवलेली मॅट एका पावसाळ्यात आतून काळी पडू शकते. गाडीच्या डिकीत उन्हाळाभर मॅट पडू देऊ नये. फोममॅटला एवढे लाड लागत नाहीत, फक्त तिच्यावर जड सामान ठेवू नये, कारण दबलेला फोम पुन्हा पूर्वीइतका जाड होत नाही आणि त्याचा आर तेवढाच कमी होतो.